पवनीची वाट आणि मनोजच्या आईचा प्रश्न

दोन वर्षं टाळलेल्या गोष्टीला माणूस एकदम तयार झाला की मला आधी शंका येते. मनोज म्हणाला, “शनिवारी पवनी पाहू, मग माझ्या घरी जाऊ.” आम्हाला लग्न करायचं आहे. तो कुणबी, मी बौद्ध. “घरी सगळं सांगितलंय,” म्हणाला. सगळं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

नागपूरहून एसटीने उमरेड, भिवापूरमार्गे अडीचेक तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट. भिवापूरनंतर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात, तेव्हा खिडकीची जागा पकडा. पवनीत टेकडीवर स्तूपाचे अवशेष आहेत. सावली कमीच, पाणी सोबत न्या. “पाह्य, तुमचंच आहे हे सगळं,” मनोज म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला असेल, पण ते ‘तुमचं’ मला खटकलं.

त्याचं गाव गोसीखुर्द धरणात गेलं, आताचं घर पुनर्वसनातलं. चहा कागदी कपात आला आणि माझं डोकंच फिरलं. मग पाहिलं तर मनोजच्या हातातही तसाच कप. माझीच मला लाज वाटली.

आई समोर बसल्या. “बाई, तुमी कोणते कुणबी? झाडे का खैरे?”

मी तोंड उघडायच्या आत मनोज म्हणाला, “तिरळे, आई.”

म्हणजे ‘सगळं’ एवढंच होतं. मी आईंवर नजर ठेवून होते, आणि खोटं बोलणारा माझ्या शेजारी बसला होता. मला फार राग आला.

“नाही काकू, आम्ही बौद्ध आहोत.”

त्या माझ्याकडे नाही, मुलाकडे बघत राहिल्या. “मंग तू काहून खोटं बोलून राहिला? मी नको म्हणाली असती तं तोंडावर म्हणाली असती. मले विचारलं तं पायजे होतं.”

जेवायला भात आणि धरणाचे झिंगे होते. झिंगे झकास. निघताना आईंनी तांदळाची पिशवी दिली, फोन नंबर दिला. “सरले का सांगजो.” हा होकार की चांगल्या शब्दांत निरोप, याचा विचार मी उमरेडपर्यंत करत होते.

आता घरी आहे. मनोजचे रोज मेसेज येतात, ‘आईला वेळ दे, ती मानेल.’ परवा तांदूळ संपले. आईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाठवतो आणखी.”

मनोजला मी अजून उत्तर दिलेलं नाही.