आधी सांगा, मग उचला

आदरणीय भोईर सरांची आणि माझी ओळख एका खोट्यातून झाली, आणि ते खोटं मी बोलले होते. अंबरनाथला आमच्या मागच्या गल्लीत दोन गाळे एक करून सरांनी जिम थाटली आहे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी तिथे जाऊन उभी राहिले. "कशाला आलात, ताई?" असं सरांनी विचारलं. मी म्हणाले, "पोट कमी करायचंय." माझ्या हडकुळ्या अंगाकडे एकदा पाहून सर "बरं" एवढंच म्हणाले.

सर मूळचे जांभूळचे, शेतकऱ्याच्या घरातले. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मोठाले वॉल्व फिरवण्यात त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात, सरांनी डंबेल्स आणले. त्यांच्या जिममध्ये आरसा नाही. कोणी मागितलाच तर म्हणतात, "आरशात बघून गॅसचा सिलिंडर तिसऱ्या माळ्यावर चढतो काय?" एकदा बदलापूरहून येणाऱ्या एका इंजिनिअरने डंबेल धाडकन टाकलं. सरांनी ते त्यांना वीस वेळा खाली ठेवायला लावलं, आवाज न करता. "उचलतो तर कोणपण. ठेवता आलं पाहिजे!" सरांचा आवाज असा की रस्त्यावरचे रिक्षावालेही दचकतात. खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा.

आता माझं खोटं उघड करते. घरी आई आणि मी, दोघीच. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या वर्कशॉपमधून जीन्सचे खिसे शिवायला घरी आणते, म्हणजे आईजवळ राहता येतं. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली. एकदा तिला खाटेवरून खुर्चीत बसवताना ती माझ्या हातातून निसटली आणि जमिनीवर पडली. "लागलं नाही गं," म्हणाली. कोपर सुजून टम्म झालं होतं. त्या दिवसापासून तिने पाणी पिणं जवळजवळ सोडलं. भरलेला ग्लास तसाच राहायचा आणि विचारलं की म्हणायची, "तहानच नाही." पाणी कमी प्यायलं की बाथरूमला कमी जावं लागेल, म्हणजे मला तिला कमी वेळा उचलावं लागेल, हा तिचा हिशोब मला कळायला आठ दिवस लागले. कळला तेव्हा मी शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले.

जिममध्ये सरांनी वाळू भरून शिवलेली पोती आहेत. एक दिवस मी त्यातलं एक दात-ओठ खात उचलायला गेले आणि ते पायाशी आदळलं. आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, हे पोतं म्हणजे कोण आहे?"

मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एकाहत्तर वर्षांचे सर सर्वांदेखत बाकावर आडवे झाले आणि त्यांनी उजवा हात-पाय सैल सोडला. "मी पेशंट. वडिलांच्या जागी समजा आणि उचला." पोरं खुसखुसली. सरांनी झोपल्या झोपल्याच त्यांना दटावलं. मी वाकून हात घातले, तर म्हणाले, "थांबा. मला सांगितलं काय? हे पोतं नाय, माणूस हाय. आधी सांगा, मग उचला. सांगितलं की तो पण अंग सावरतो." गुडघे वाकवायचे, कंबर नाही. माणसाला पोटाशी धरायचं. महिनाभर रोज सर माझ्यासाठी असे लुळे झाले, आणि दोनदा आपटलेसुद्धा. त्याबद्दल मी आजवर माफी मागितलेली नाही, ती इथे मागते.

मग एके दिवशी सर चार विटा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "जयभीम आई, आत येऊ काय?" खाटेच्या पायांखाली विटा लावून त्यांनी खाट खुर्चीच्या उंचीला आणली आणि चहा न घेताच निघून गेले. एवढ्या शिस्तीचा हा माणूस स्वतःच्या गुडघेदुखीला मात्र दाद देत नाही, डॉक्टरांकडे जात नाही. शिष्यांच्या वतीने ही तक्रारही नोंदवते.

आज मला आईसाठी जिमला जायची तशी गरज नाही, हात तयार झाले आहेत. तरी रोज सकाळी सहाला मी तिथे असते. तो एक तास माझा असतो. आयुष्यभर मी स्वतःला "आमचं काय, कसंतरी" म्हणत आले. आपल्या अंगावर कोणाचा तरी भरवसा आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी सरांमुळे कळलं.

हा लेख लिहायला बसले तेव्हा आईला विचारलं, "सरांना पंचाहत्तरीच्या काय शुभेच्छा लिहू?"

"आधी पाणी दे," आई म्हणाली. तिने ग्लास एका दमात रिकामा केला, डाव्या हाताने पदर ओढून तोंड पुसलं. "लिही, शंभर वर्षं जगा म्हणावं. हातपाय असेच धडधाकट राहू देत. नि आता पेन ठेव, मला बाथरूमला ने."

मी पेन ठेवलं. "आई, उचलते हं," म्हणाले आणि तिला उचललं.