प्रति, माझी पत्नी

यशवंतपूरच्या एका सरकारी कचेरीबाहेर मी एकवीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु माझ्या मसुद्यातील एक शब्द कमी करण्याची हिंमत आजवर एकाही अधिकाऱ्याला झालेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

गेल्या वर्षी पत्नी वारली. त्यानंतर मला रडू म्हणून आले नाही. जेवण जाईना. निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी येणाऱ्या एका वृद्ध मास्तरांनी सल्ला दिला की कविता लिहा, दुःख हलके होते. हजारो लोकांची दुःखे मी कागदावर उतरवली होती, तेव्हा स्वतःचे एक उतरवणे मला अवघड वाटले नाही. कचेरीचे काम कानडीत. कविता मात्र मराठीत लिहायची ठरवली, कारण पत्नीशी माझे सगळे बोलणे, म्हणजे बहुतांशी तिचे बोलणे, मराठीत होई.

रविवारी सकाळी बसलो. कविता दोन पृष्ठांची झाली. वर ‘प्रति’, त्याखाली ‘विषय : आपल्या निधनामुळे उद्भवलेल्या परिस्थितीबाबत’. परिच्छेदांना क्रमांक दिले. अखेरीस सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी : विवाहाचा फोटो, एक प्रत.

थोरली बहीण माझ्याकडेच राहते. ती स्वयंपाकघरात अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसली होती. तिला कविता उभ्याने वाचून दाखवली. तिने हात न थांबवता सर्व ऐकून घेतले.

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “पण तुला हवंय काय तिच्याकडून?”

समोर बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा विचारतो. मागणी नसलेला अर्ज फाइलीत जातो आणि तिथेच राहतो. माझ्या दोन पृष्ठांत वस्तुस्थिती संपूर्ण होती; मागणी कुठेच नव्हती.

“स्वल्प विचार कर की,” अक्का म्हणाली. “घाई काय आहे? ती कुठे जातेय आता.”

मी खाली बसलो आणि तिच्यासोबत शेंगा सोलू लागलो. रोज मी निघताना पत्नी दारातून विचारी, “डबा घेतलात, की त्यासाठीही अर्ज करू?” मला राग येत असे, माझ्या कामाची चेष्टा मला खपत नाही. हल्ली आठवड्यातून तीनदा तरी डबा घरीच राहतो. शेवटी मी एकच ओळ वाढवली : ‘तरी डब्याचे एकदा दारातून विचारावे, ही विनंती.’

ती ओळ मोठ्याने वाचताना ‘दारातून’पाशी आवाज गेला. मग बराच वेळ रडलो. अक्काने सोलणे थांबवले नाही; फक्त माझ्या पुढ्यातली शेंगांची रास स्वतःकडे ओढली.

डोळे पुसल्यावर मी सवयीने दुसरी प्रत तिच्यापुढे केली. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे होत नाही. तिने पदराला बोटे पुसली, ‘मिळाला’ असे लिहिले आणि कानडीत सही केली. तारीख घालायची राहिली होती. ती मी घालून घेतली.