आठ हायड्रोजन

"लांब धर फ्लास्क. बाटलीला शिवशील."

शिरूरच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत, नाना शिपाई मला असं ॲसिड वाढायचा. वरून. बाकीची पोरं फळीवरची बाटली स्वतः उचलायची. आम्ही बौद्ध झालो होतो, पण त्यांच्या लेखी मी महाराचीच पोर. फ्लास्क पुढं करून उभी राहायची, कोणी वाढेल म्हणून.

त्या दिवशी नानानं घाईत चार थेंब टाकले आणि गेला. मी ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट सोडत राहिले. खाली लोखंडाचं द्रावण. त्यात जांभळा रंग उडून जायला हवा. पण फ्लास्कमध्ये तपकिरी गाळ झाला.

सरांनी फ्लास्क उचलून वर्गाला दाखवला. "बघा, हिनं इथंही गटार आणलं." पोरं खदखदून हसली. "परीक्षेला बसू नकोस. मी जर्नलवर सही देणार नाही."

सही नाही म्हणजे संपलंच. दौंडला आई रेल्वे इंजिनांच्या राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचायची. तिच्या शेजारी माझी कोळशाची पाटी तयारच होती. रडू आलं नाही. जीव द्यावासा वाटला.

पण ते समीकरण मी घोकलं नव्हतं, मला कळलं होतं. परमँगनेटमधल्या चार ऑक्सिजनचं पाणी होतं. त्याला आठ हायड्रोजन लागतात, ते ॲसिडच देतं. पाच लोखंडं एकेक इलेक्ट्रॉन देतात, तेव्हा कुठं दोन्ही बाजू जुळतात. ॲसिड कमी पडलं की गाळ.

"सर, आठ हायड्रोजन लागतात. मला ॲसिड पुरलं नाही."

"म्हणजे चूक नानाची?"

नाना खाली बघत म्हणाला, "माझ्याच्यानं तिच्याजवळ जाववत न्हाई, सायेब."

मी फळीपाशी गेले. बाटली उचलली. ओतलं, हलवलं. गाळ विरला, फ्लास्क नितळ झाला.

फ्लास्ककडं कोणी पाहिलंच नाही. सगळे माझ्या हातातल्या बाटलीकडं बघत होते. सर ओरडले, "नाना, मोरीत ओत ते. बाटली धुऊन घे." कापडाला भोकं पाडणाऱ्या ॲसिडला माझा विटाळ झाला होता!

सही मिळाली नाही. वर्ष गेलं. दौंडला आईशेजारी बसून राख चाळली, बोटं भाजून घेतली. जूनमध्ये पुन्हा नाव घातलं. पुन्हा तीच फळी. नाना बाटली घेऊन आला.

"नाना, ठेवा ती जागेवर."

ओतून टाका. धुऊन घ्या. आणखी एक वर्ष घ्या. मी फ्लास्क पुढं करणार नाही.