सासूचा नवस, सुनेचे पाय

एके काळी माझ्या हसण्याची मंगळवार पेठेत ख्याती होती. मी आमच्या किराणा दुकानात हसले की कोपऱ्यावरचा सायकलवाला पंक्चर काढता काढता ओरडायचा, "काय झालं ओ वहिनी?"

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. एका दुपारी हे दुकानातच छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर वर्षभर मी दुकान चालवलं, गिऱ्हाइकं सांभाळली, पण हसले म्हणून नाही. देवाशी तर बोलणंच टाकलं. पूजा आत्तींकडे, म्हणजे सासूबाईंकडे गेली. त्या घंटी वाजवायच्या आणि मी देवघराकडे पाठ करून तांदूळ निवडायची.

माघ लागला तसं आत्तींनी जाहीर केलं, "जोतिबाला नवस बोललोय. म्हैनाभर रविवारी खेटं घालायचं."

खेटे म्हणजे कोल्हापुरातून अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जायचं.

"तुमच्या त्या गुडघ्यांनी?" मी म्हटलं.

"माझ्या कशाला? तुझ्या पायांनी. बोलायचं मी, चालायचं तू."

"आणि मागितलंय काय?"

"तुझं हसणं. घर कसं मसणवट्यागत झालंय."

"आत्ती, नवस पावल्यावर फेडतात."

"मला शिकवू नगंस. देव वळखीचा हाय की!"

आत्तींपुढे कोण बोलणार? पहिल्या रविवारी पहाटे गल्लीतल्या बायकांबरोबर निघाले. त्या 'चांगभलं' म्हणत होत्या, मी दातखीळ बसल्यासारखी गप्प. चढ लागला आणि खडे टोचू लागले. प्रत्येक खड्याला मी मनातल्या मनात देवाला सुनावत होते. नवरा नेलास, आता तळवेही सोलून घे. मुलाबाळांचं घर दिसलं नाही तुला? अशी बरीच वाट भांडले आणि एकदम लक्षात आलं, की वर्षभरानं मी त्याच्याशी बोलतेय. शिव्या का असेनात.

वाटेतल्या गायमुख तळ्याशी गार पाण्यात पाय सोडले तेव्हा बरं वाटलं. अगदी आतपर्यंत बरं वाटलं, आणि त्याचा थोडा रागही आला.

आत्ती एसटीनं आधीच वर पोचल्या होत्या. आम्ही दोघी देवळाच्या भिंतीकडेनं चाललो, कारण लोक गुलाल उधळत होते आणि दोघींचीही कपाळं मोकळी. समोरून एक गडी मूठ भरून आला. आत्ती त्याच्यावर खेकसल्या, "ओ पावणं, बघून टाका की! आमी..."

पुढचे शब्द गुलालातच गेले. अख्खी मूठ उघड्या तोंडात! जीभ गुलाबी, भुवया गुलाबी, पांढरे केस गुलाबी. आत्ती शिंकताहेत, मधे मधे त्या गड्याच्या सात पिढ्या काढताहेत, आणि तो हात जोडून म्हणतोय, "आज्जी, देवाचा गुलाल हाय, त्यो बघून पडत न्हाय."

मला हसू फुटलं. पोट धरून खाली बसले. हसता हसता रडायला आलं, रडता रडता पुन्हा हसू. माझ्याही कपाळावर गुलाल उडाला होता, तो पुसावासा वाटला नाही.

आत्ती तोंड पुसायचं सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. मग शिखराकडे वळून म्हणाल्या, "पावलास रं बाबा."

चला, सुटलो, मला वाटलं. नवस पावला, उरलेल्या रविवारी पायांना सुट्टी. पण पुढच्या रविवारी पहाटे जाग आली ती तेलाच्या वासानं. आत्ती गुडघ्यांना फडकी बांधून, अनवाणी, उंबऱ्यात उभ्या होत्या.

"आता कुठं निघालात? हसले की मी!"

"तुझं मागून झालं," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच बारीक लागला होता. "ल्योक माझाबी गेलाय न्हवं."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही निघालो.