आता येतोय, की आता?

चष्म्याच्या दुकानामुळे सगळी गल्ली त्यांना नंबरकाका म्हणायची आणि काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. दुकान चिंचोळं, एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका त्याच्या नाकावर जड चौकट चढवायचे, एक काच घालायचे, काढायचे, दुसरी घालायचे आणि दर वेळी तोच प्रश्न, "आता स्पष्ट? की आता?" एका वेळी एकच काच बदलायची, यावर त्यांची श्रद्धा होती. घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. काका बधायचे नाहीत.

दुसऱ्यांची नजर तपासणाऱ्या या माणसावर घरात मात्र नजर ठेवली जात होती. उमेदीची सगळी वर्षं काकांनी सुटा तंबाखू कागदात वळून ओढला. मग छातीचं दुखणं निघालं. दवाखान्याच्या खाटेवरून त्यांनी काकूंना शब्द दिला आणि पाळलाही. पण सोडलेली गोष्ट दाखवायची कशी? ओढणाऱ्याच्या हातात सिगारेट दिसते. न ओढणाऱ्याच्या हातात काय दिसणार?

त्यातच गाडीत वास यायला लागला.

बाजारातून येताना चढ संपला की काकू हवा हुंगायच्या. "जळकट येतंय काहीतरी." मग जरा थांबून, "तंबाखूच आहे."

काकांना कसलाच वास येत नव्हता. इतक्या वर्षांच्या धुरानं त्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं. "गाडीचा असेल," ते म्हणाले.

"गाडीला कोण वळून देतं?"

काकूंनी लेकीला फोन लावला. लेक परगावी, तिचा आवाज रडवेला. "बाबा, निदान खोटं तरी बोलू नका." हे काकांना छातीच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं. काकूंनी माळ्यावरची बॅग खाली काढली. शनिवारी त्या लेकीकडे जाणार होत्या. परत कधी, ते सांगितलं नव्हतं. "तुम्हाला स्वतःला जाळायचं असेल तर जाळा. मला ते बघत बसायचं नाही."

शेवटी दोघं गाडी घेऊन गॅरेजात गेले. गाडीत काही निघू नये म्हणून लोक देव पाण्यात ठेवतात. काकांनी काहीतरी निघावं म्हणून ठेवले होते. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, पट्टा दाबून बघितला, तेल बघितलं, वायरी चाचपल्या.

"गाडी ओढते ना नीट?" त्यानं विचारलं. चढावर, असं त्याला म्हणायचं होतं.

"गाडीचं माहीत नाही," मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. "हे ओढतात."

मेकॅनिकनं ओठांतली पेटती सिगारेट जरा बाजूला धरून हवा हुंगली. "मला तर कसला वास येत नाही. ठणठणीत आहे गाडी."

ठणठणीत हा शब्द काकांना आयुष्यात इतका कधी टोचला नव्हता.

परतताना चढ संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. "आधी माझं तोंड हुंग."

काकूंनी हुंगलं. "पेपरमिंट. लपवायला तेच खातात."

"बरं. आता मी विचारीन तेवढंच सांगायचं."

"मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?"

काकांनी काचा वर केल्या, पंखा लावला. "येतोय?"

"येतोय की."

बाहेरची हवा बंद करायचा खटका त्यांनी सरकवला आणि थांबले. "आता?"

"कमी झाला." मग, "नाही येत."

खटका उलटा. "की आता?"

"आला."

पुन्हा बंद, पुन्हा उघडा. गेला, आला. काकूंचा आवाज दर वेळी थोडा खाली येत होता.

"मी तर जागचा हललो नाही," काका म्हणाले. "की मी पण खटक्यावर चालू-बंद होतो?"

दोघं उतरले. काकांनी बॉनेट उघडलं आणि काकूंनी पदर नाकाशी धरून आत डोकावून बोट दाखवलं. "तिथे, मागे." इंजिनाच्या पाठीमागे, तापलेल्या पाइपाला टेकून काहीतरी अडकलं होतं. काकांनी छत्रीच्या मुठीनं ते ओढून काढलं. जांभळ्या फुलांच्या कापडाची पुरचुंडी, एक कोपरा करपून काळा झालेला. त्यातून तंबाखू गळत होता.

काकू कापडाकडे बघत राहिल्या. ती फुलं त्यांच्याच जुन्या उशीच्या अभ्र्यावरची होती.

"उंदीर वायरी कुरतडत होते ना," त्या हळूच म्हणाल्या.

दुखण्यानंतर काकांची पुडी त्यांनीच काढून घेतली होती. फेकायचं जिवावर आलं. तंबाखूला उंदीर भितात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती वायरींवर बांधली आणि विसरल्या. गाठ सैल होऊन पुरचुंडी कधीतरी खाली घसरली. थोडक्यात, काकांनी सोडलेला तंबाखू गाडी ओढत होती आणि तिला तो वळून दिला होता काकूंनी.

काकांचं एक भाषण कधीचं तयार होतं. चांगलं लांबलचक, मध्ये लेकीचाही उल्लेख असलेलं. ते सुरू करणार, तोच त्यांनी काकूंचा चेहरा बघितला. तो पांढराफटक पडला होता.

"पेटलं असतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही एकटे असता आणि पेटलं असतं तर?"

भाषण काकांनी गिळलं. पेपरमिंटपेक्षा कडू लागलं, पण गेलं खाली.

घरी आल्या आल्या काकूंनी लेकीला फोन केला. "अगं, गाडीतच होता वास. बाबांनी शोधून काढला... उंदरांसाठी ठेवलं होतं कुणीतरी काहीतरी." काका मोरीत हात धूत ऐकत होते. त्या कुणीतरीशी त्यांचा संसार बराच जुना होता. त्यांनी नळ जरा बारीक केला, एवढंच. "हो, शनिवारी येते ना. दोघं येतोय."

फोन ठेवून काकू मोरीत आल्या. काकांचा साबण लावलेला हात त्यांनी धरला आणि नाकाशी नेला.

"अजून येतोय," त्या म्हणाल्या आणि नळ मोठा करून स्वतःच तो हात चोळायला लागल्या.