डावा कान

उंदीरमामांना उंदरांची किळस यायची, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ते घरी जाऊन तीन-तीनदा आंघोळ करायचे आणि तरी घास घशाखाली उतरत नसे. बावीस वर्षांत ती किळस गेली. तिच्या जागी माया आली म्हणावं, तर जास्तीची पिल्लं आपल्याच हातांनी गॅसच्या डब्यात घालणाऱ्या माणसाने मायेच्या गप्पा कशाला माराव्यात? संशोधन केंद्राच्या तळघरात त्यांचं राज्य. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पिल्लं आईपासून वेगळी करायची आणि त्यांच्या कानांना भोकं पाडायची. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं.

ही कानाची भानगड नीट समजून घ्या, सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. वरच्या मजल्यावरच्या मॅडम अकरा वर्षं स्नायूंच्या एका आजारामागे लागल्या होत्या. मामांना त्या समजावून सांगायच्या, "आपल्या पेशीत एक शिंपी असतो, मामा. जनुकाकडून निरोप येतो तो लांबलचक, मध्ये नको तेवढ्या चिंध्या. शिंपी त्या कापून टाकतो आणि कामाचे तुकडे जोडतो. या आजारात तो शिंपीच कामाला मिळत नाही." म्हणून त्यांनी असे उंदीर तयार केले होते, की जन्मतः ठणठणीत, पण औषध घातलेलं खाणं सुरू केलं, की स्नायूंतला शिंपी तेवढा बंद. एका वेतातल्या काही पिल्लांत ही बंद करणारी कळ असायची, काहींत नसायची. दिसायला सगळी सारखीच काळी. शेपटीचा कण तपासून वरून यादी यायची आणि त्याप्रमाणे मामा भोक पाडायचे. कळ असली तर डाव्या कानाला, नसली तर उजव्या. उजव्या कानाची जास्तीची पिल्लं त्याच दिवशी डब्यात जायची.

आता मामांच्या मुठीचं सांगतो. त्यांच्या थोरल्या भावाला हाच आजार होता. दाराची कडी धरली, की त्याची मूठ लवकर सुटायची नाही. "मी धरलं की सोडत नाही," म्हणून तो स्वतःच हसायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला गिळता येईना, आणि गेला बिचारा. दोन वर्षांपूर्वी मामांचीही मूठ अडायला लागली. त्यांनी चकार शब्द काढला नाही. ज्याची मूठ उघडत नाही, त्याच्या हातात जिवंत जनावर कोण देईल? एकदा पिल्लू मानेच्या कातडीला धरलं होतं, आणि बोटं सुटेनात. दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडेपर्यंत ते गेलं होतं. तेव्हापासून मामांनी ती पकडच सोडली. पिल्लू पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचं, शेपटी दोन बोटांत हलकी धरायची आणि वरून भोक पाडायचं.

एवढंच असतं तर त्यांनी निभावून नेलं असतं. पण सहा महिन्यांपूर्वी एकोणीस वर्षांच्या पोरीने बरणीचं झाकण पिळून उघडलं, आणि झाकण तिच्या हातातच राहिलं. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. बायको पाठमोरी उभी राहून काहीतरी बोलत होती, तिला पत्ताच नाही. त्या दिवसापासून पोरगी रोज विचारायची, "बाबा, तुमचे उंदीर काय म्हणतात?"

आणि एक दिवस उंदीर बोलले! आधीच्या तुकडीतले डाव्या कानाचे सहा आठवड्यांत फरफटत चालायला लागले होते. या तुकडीतल्या आठांना मॅडमनी तेच खाणं देऊन आजारावरचं नवं औषध टोचलं, आणि आठवा आठवडा उलटला तरी ताकद पाहायला टांगल्यावर ते जाळीला उलटे लटकून राहात होते. मॅडम डोक्याला टोपी न घालताच तळघरात धावत आल्या. "मामा, एकही पडत नाहीये!" त्यांनी हात पुढे केला. मामांनी पटकन बादली उचलली. घरी गेल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही, त्यांनी पोरीला सांगून टाकलं. "शप्पथ?" ती म्हणाली. "या डोळ्यांनी पाहिलं," मामा म्हणाले. त्या संध्याकाळी पोरगी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी भुसा बदलताना त्या आठांपैकी एकाने तोंड वर केलं. कपाळावर तिळाएवढा पांढरा ठिपका! मामांना आठवलं, यादीत हा सात नंबर होता आणि त्याच्यापुढे 'कळ नाही' लिहिलं होतं. 'टिकल्या, तुझं काही खरं नाही,' असं ते तेव्हा मनात म्हणालेही होते. मग हा डाव्या कानाच्या पिंजऱ्यात कसा? त्यांनी यादी काढून पाहिली. मग रिकाम्या हातांनीच जुनी पकड धरून पाहिली. पिल्लाचं पोट आपल्याकडे, म्हणजे त्याचा डावा कान आपल्या उजव्या बाजूला. बावीस वर्षं हात तिकडेच जात आला. नव्या पकडीची ही पहिलीच तुकडी. तिच्यात पिल्लाची पाठ वर, म्हणजे डावा कान आपल्या डाव्या बाजूला, आणि हात मात्र सवयीने उजवीकडेच गेलेला. अख्ख्या तुकडीचे कान उलटे झाले होते. आजारी पडणारे सगळे त्यांनी स्वतः डब्यात घातले होते, आणि जे मजेत लटकत होते ते कधी आजारी पडणारच नव्हते. औषधाने काहीच केलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. पुढच्या तुकडीत कळलंच असतं, पण त्याला चार महिने होते. चार महिने पोरगी पोटभर जेवली असती. मामा रिकाम्या बादलीवर बसून राहिले. पण मॅडमनी त्याच दुपारी रुग्णांच्या घरच्यांना बोलावलं होतं, ही बातमी सांगायला. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असणारच. मामा जिना चढून वर गेले.

"चूक? आणि तुमच्याकडून?" मॅडम हसल्याच. यादी आणि टिकल्या समोर ठेवल्यावर त्यांचं हसू मावळलं. त्या खुर्चीत बसल्या. "बावीस वर्षांत कधी नाही, मामा. असं झालंच कसं?"

"पकड बदलली मी."

"पण का?"

मामांनी हातमोजा काढला. "हात द्या, मॅडम."

काही न समजून त्यांनी हात दिला. मामांनी तो घट्ट धरला.

"दुखतंय मामा, सोडा ना."

"सोडतोय."

बोटं जागची हलली नाहीत. मॅडम आधी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, मग हाताकडे बघायला लागल्या. अकरा वर्षं ज्याच्यामागे त्या धावत होत्या, ते त्यांच्या हाताला धरून उभं होतं. त्यांनी हात ओढून घेतला नाही. बोटं आपणहून सुटेपर्यंत दोघंही थांबली.

"तुम्हीसुद्धा?" त्या हळूच म्हणाल्या.

"माझं जाऊ द्या," मामा म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. "घरी पोरगी आहे. औषध सापडलं, असं सांगून बसलोय तिला."