वजीर गवंड्याची सही

हर्णेजवळच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. १९८४ साली तिथल्या पंचायतीने घरबांधणीचा एक नियम केला. गल्फच्या पैशाने स्लॅबची बंद घरं उठत होती. त्यांत दिवसभर पंखे गरगरत आणि गावचा ट्रान्सफॉर्मर महिन्यातून दोनदा मान टाकी. म्हणून नियम असा, की खिडक्या समोरासमोर हव्यात, स्लॅबवर कौलं हवीत आणि छपराचं पाखं भिंतीबाहेर अडीच फूट हवं. नकाशा तपासून सही करायचा मान वजीर गवंड्याचा.

वजीरचाचा महाहट्टी. रिकाम्या चौथऱ्यावर विडी पेटवून बसायचा, धूर कुठे जातो ते बघायचा आणि मगच खिडकीची जागा सांगायचा. विड्या ओढायला बरा बहाणा सापडलाय, अशी आम्ही थट्टा करायचो. पण त्याने बांधलेल्या घरात मे महिन्यातही दुपारी डोळा लागे, हे कबूल करायला हवं.

आणि नियम मोडायला पहिला आला तो त्याचाच मुलगा. सुलेमान कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आला, तो तिथल्या आपल्या शेठच्या बंगल्याची हुबेहूब नक्कल कागदावर काढूनच. काचेच्या न उघडणाऱ्या खिडक्या, वर सपाट स्लॅब. रजेत काम सुरू झालं नाही, तर त्याच्या बायकोला, रझियाला, पुढच्या रजेपर्यंत आणखी दोन वर्षं सासूसासऱ्यांच्या एका खोलीत काढावी लागणार होती. तरी वजीरचाचाने सही केली नाही. बापलेकांचं बोलणं बंद झालं.

मी म्हटलं, "चाचा, एक सही तर आहे, करून टाका."

"मंग उद्या सगळा गाव त्याच सहीवर बोट ठेवील, भाऊसाहेब."

शेवटी मीच दोघांना कचेरीत समोरासमोर बसवलं. वजीरचाचाने नकाशा टेबलावर पसरला आणि शांतपणे विचारलं, "शेठच्या घरात दुपारची हवा कुठनं येते रे?"

सुलेमान नकाशाची कड दुमडू लागला.

"सांग ना. आठ वर्सं हायस तिथं."

"मी गेटावर असतो, अब्बा," तो खाली बघत म्हणाला. "आत जायचा हुकूम नाय. बंगला मी भायरूनच बगितलाय."

शेठची नक्कल मारतो म्हणून इतके दिवस मला त्या पोराचा राग येत होता. आता माझीच मला लाज वाटली.

वजीरचाचाने कागद उलटा केला. कोऱ्या बाजूला पेन्सिलीने चार भिंती आखल्या आणि मुलाला जवळ ओढून म्हणाला, "तुज्या खोलीची खिडकी कुठं पायजे, ता दाखव."